रानहत्तीवर पाळत ठेवणाऱ्या माणसाचें शिक्षण

सन २०२५ च्या एप्रिल महिन्यांत दोडामार्ग तालुक्यांतील मोर्ले गांवीं एक वृद्ध शेतकरी आपल्या काजूच्या बागेंत गेले असतां रानहत्तीनें त्यांस चिरडून मारलें. ही वार्ता आमच्या वाचकांस नवी नाहीं. त्यानंतर व्हावयाचें तें सर्व झालें. लोक संतापले, पुढारी येऊन गेले, हत्ती धरून न्या अशी मागणी झाली. आमच्या मनांत मात्र त्या दिवसापासून एकच प्रश्न घोळत आहे. ज्या रानांत हत्ती आहे हें साऱ्या तालुक्यास ठाऊक आहे, त्या रानालगतच्या बागेचा मालक सकाळीं घरांतून निघतो, तेव्हां हत्ती आज कोणत्या बाजूस आहे हें त्यास खात्रीनें सांगणारा कोणी असावा कीं नसावा? चर खणण्यास, तारांचीं कुंपणें घालण्यास व हत्ती पकडण्याच्या मोहिमा काढण्यास सरकारापाशीं द्रव्य आहे. पण हत्ती ओळखणारा, त्याची चाल वाचणारा आणि रात्रंदिवस त्याच्या मागावर राहणारा शिकलेला मनुष्य तयार करणें हें काम या सर्वांच्या आधीं व्हावयास पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हे हत्ती आपल्याकडे आले ते सन २००२ मध्यें, कर्नाटकांतील दांडेली व खानापूरकडील रानांतून मांगेलीच्या बाजूनें. पुढें लवकरच चंदगड व आजरा या तालुक्यांतही त्यांचा वावर सुरू झाला. आरंभीं आमच्याकडील आयाबायांनीं त्यांच्या पावलांच्या ठशांवर हळदकुंकू वाहिलें होतें. दुसऱ्या वर्षीं माडाचे कोंब व केळीचे गाभे फाडलेले पाहिल्यावर तें हळदकुंकू बंद झालें! सन २०१५ मध्यें कर्नाटकांतून शिकवलेले पाळीव हत्ती आणून माणगांव खोऱ्यांत तीन रानहत्ती पकडण्यांत आले. त्यांच्या कैदेचा शेवट सुखाचा झाला नाहीं, आणि इकडे रानांत हत्ती राहावयाचे ते राहिलेच. सन २०२५ च्या सप्टेंबरांत ओंकार या नांवानें ओळखला जाणारा तरुण सुळेवाला सिंधुदुर्गांतून थेट गोव्याच्या पेडणें तालुक्यांत जाऊन आला. तात्पर्य, जे हत्ती वीस वर्षांहून अधिक काळ येथें आहेत, येथील पाणवठे व येथील आंब्याफणसाचे हंगाम ज्यांस पाठ झाले आहेत, त्यांस पाहुणे समजण्यांत आतां अर्थ नाहीं. एकट्या कर्नाटकांत सहा हजारांच्या आसपास रानहत्ती आहेत. आपल्याकडील दहापांच हत्ती उद्यां उचलून नेले, तरी सह्याद्रीची ही वाट त्यांच्या भाईबंदांस बंद होणार नाहीं.

एक प्रसंग सांगतों. आम्ही महसूल खात्यांत कारकून असतांना, दहाबारा वर्षांपूर्वीं, एका गांवीं नुकसानीच्या पंचनाम्यास गेलों होतों. केळीची अर्धी बाग आडवी झाली होती, आठ माड मोडले होते. वनखात्याकडून एक तरुण वनरक्षक आला होता. पोरगा दुष्काळी मुलखांतला, नोकरीस लागून चार महिने झालेले, स्वभावानें गरीब. त्यानें आयुष्यांत हत्ती पाहिला तो सर्कशींत. नुकसान गव्यानें केलें कीं हत्तीनें, आणि हत्तीनें केलें तर तो एक होता कीं तीन, हें त्यानें बागेच्या मालकासच विचारलें. आणि मालकानें अर्थातच तीन सांगितले. इतक्यांत एक म्हातारा गवळी धनगर गुरें घेऊन वरून उतरला. काठी टेकून त्यानें बागेस एक फेरी मारली. मग गुरांचें दावें घेऊन चिखलांतील गोल पावलाच्या ठशाभोंवतीं तें फिरवलें व आपल्या हातानें मोजलें. घेर तीन हात भरला. म्हणाला, "पुढल्या पायाचा घेर दुणावा, तेवढी त्याची उंची. हा सहा हातांचा नर. मागच्या पायाचा ठसा लांबट असतो, तो मोजूं नये." लेंड्यांत हात घालून त्यानें आंतील ऊब पाहिली व हत्ती पहांटेपर्यंत येथेंच होता असें सांगितलें. दुसरें पाऊल कोठेंच लहानमोठें नाहीं, म्हणजे हा एकला. वारा डोंगरावरून खालीं वाहत आहे, म्हणून तो ओढ्याच्या खालच्या अंगास माणसांचा वास चुकवून बसला असेल. सायंकाळीं वारा फिरला कीं वर येईल.

आम्हीं पंचनामा लिहिला. गट नंबर, क्षेत्र, पीक, झाडांची संख्या, अंदाजी नुकसान, पंचांच्या सह्या. म्हाताऱ्यानें जें सांगितलें त्यास त्या नमुन्यांत रकाना नव्हता. त्यामुळें तें लिहिलें गेलें नाहीं. सायंकाळीं वारा फिरला आणि हत्ती वर आला. त्या तरुण वनरक्षकानें व गांवच्या पोरांनीं वरच्या अंगास उभें राहून सुतळी बॉम्ब फोडले. हत्ती बिथरला आणि खालच्या घळींत शिरला. तेथें भाताच्या राखणीस एक कुटुंब खोपींत निजलें होतें. आवाज ऐकून तीं माणसें लेंकरें कांखेस मारून पळालीं, म्हणून वांचलीं. खोप भुईसपाट झाली. त्या वनरक्षकास आम्ही दोष देत नाहीं. आपण ज्या दिशेनें आवाज करतों तिच्या उलट दिशेस हत्ती जाणार, आणि त्या दिशेस कोण आहे हें आधीं पाहावयाचें असतें, इतकी साधी गोष्ट त्यास कोणीं शिकवली नव्हती. आम्हांस त्या रात्रीं झोंप आली नाहीं, कारण म्हाताऱ्याचें बोलणें आम्हींही ऐकलें होतें, आणि घळींतल्या खोपीस निरोप पाठवावा हें आम्हांसही सुचलें नाहीं.

हें शास्त्र कांहीं परदेशांतून आणावयाचें नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नागवनाचा, म्हणजे हत्तींच्या राखीव रानाचा, अध्यक्ष व त्याच्या हाताखालील नागवनपाल यांचीं कामें सांगितलीं आहेत. हे वनपाल माहूत, फासेपारधी व रानांत वावरणारे लोक यांस बरोबर घेत. आपल्या अंगाचा वास लपावा म्हणून हत्तीचें मूत व लेंडी अंगास लावीत. बिब्ब्याच्या फांद्यांआड लपत. आणि हत्ती कोठें निजला, कोठें उभा राहिला, त्याची लीद कोठें पडली, नदीचा कांठ त्यानें कोठें ढासळला, या खुणांवरून कळपाचा ठाव काढीत. याहून आम्हां कारकुनाच्या मनास भावलेली गोष्ट अशी कीं, कळपांत फिरणारा कोण, एकटा फिरणारा कोण, कळपाचा मुख्य कोण, माजावर आलेला कोण, पिल्लूं कोणतें, दुष्ट कोणता, बंधनांतून सुटलेला कोणता, याची लेखी नोंद ठेवावी असें तेथें सांगितलें आहे. हत्तीचा घात करणाऱ्यास देहांत शासन होतें. त्या राजांस हत्ती लढाईसाठीं हवे होते व आपणांस ते नको आहेत, हा भेद खरा. पण हव्या असलेल्या प्राण्याची जितकी खबर ठेवावी लागते, तितकीच नको असलेल्या प्राण्याचीही ठेवावी लागते. कदाचित् काकणभर अधिकच.

आतां वनरक्षकास शिकवावयाचें काय, तें आमच्या अल्पमतीप्रमाणें सांगतों. पहिली गोष्ट खुणा वाचणें. पाऊल, लीद, सोललेल्या साली, मोडलेला बांबू आणि अंग घांसलेल्या झाडावरील चिखलाची उंची, यांवरून किती हत्ती, केव्हां, कोणत्या दिशेस गेले हें सांगतां आलें पाहिजे. दुसरी गोष्ट प्रत्येक हत्ती वेगळा ओळखणें. जसे आपण आपले बैल शिंगांवरून व वशिंडावरून ओळखतों, तसा हत्ती कानाच्या फाटलेल्या कडेवरून, सुळ्यांच्या वळणावरून व शेपटीच्या केसांवरून ओळखतां येतो. ही ओळख पटली म्हणजे निम्मी भीति जाते, कारण सगळे हत्ती सारखे नसतात. कळप वयस्क मादीच्या मागून चालतो; पिल्लूं बरोबर असलें कीं ती मादी कोणास जवळ येऊं देत नाहीं. नर दहापंधरा वर्षांचा झाला कीं कळपाबाहेर पडतो, आणि पिकांवर धाड घालण्याचें धाडस बहुधा हे नरच करतात. ज्याच्या डोळा व कान यांच्या मधून स्राव ओघळत आहे, मागले पाय मुतानें भिजत आहेत, तो माजावर आहे. त्याच्या वाटेस जाऊं नये व कोणास जाऊं देऊं नये. तिसरी गोष्ट वारा. हत्तीची नजर बेताची, पण नाक व कान असे कीं आपण पोचण्याआधीं त्यास आपली खबर लागलेली असते. हें ज्यास कळलें नाहीं त्यानें वर्दी चढवून रात्रीं रानांत जाणें म्हणजे आपला जीव टांगणीस लावणें होय. सन २०२३ च्या सप्टेंबरांत गडचिरोली जिल्ह्यांत हत्तींच्या कळपावर लक्ष ठेवणाऱ्या वनखात्याच्याच एका वाहनचालकाचा हत्तीनें बळी घेतला. तो कळप सन २०२१ मध्यें छत्तीसगडांतून तेथें उतरला होता, आणि त्यास आवरण्यासाठीं पश्चिम बंगालमधून हत्ती हांकणारे लोक बोलवावे लागले. पाहुणा मनुष्य परत जातो. विद्या मागें ठेवून गेला तर ठीक.

याशिवाय मेलेल्या हत्तीची चौकशी, विजेच्या धक्क्यानें आला कीं विषानें हें ओळखणें, पुरावा जपणें, सन १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणें गुन्हा नोंदवणें, हें सर्व त्यांत आलेंच. त्याचा विस्तार करीत नाहीं.

शिकलेल्या माणसानें जमवलेली खबर लोकांपर्यंत पोचली नाहीं तर ती व्यर्थ होय. तमिळनाडूंतील अनामलाई डोंगरांत वालपराई म्हणून चहाच्या मळ्यांचा प्रदेश आहे. तेथें मळ्यांच्या मधून हत्तींची कायमची ये-जा आहे, आणि मजूर सायंकाळीं घरीं परततांना अंधारांत अवचित गांठ पडून मरत. तेथील अभ्यासकांनीं हत्तींवर वर्षानुवर्षें नजर ठेवली आणि सन २०११ च्या सुमारास एक सोपी व्यवस्था बसवली. हत्ती कोठें आहे याचा संदेश आसपासच्या लोकांच्या मोबाइलवर जातो, स्थानिक दूरदर्शनच्या पडद्याखालीं ओळ फिरते, आणि उंच जागीं लाल दिवे लावले आहेत ते हत्ती जवळपास असला कीं पेटवले जातात. दिवा दिसला कीं मनुष्य वाट बदलतो. तेथें मृत्यूंचें प्रमाण स्पष्टपणें उतरलें. यांत हत्ती हांकला गेला नाहीं, पकडला गेला नाहीं व मारलाही गेला नाहीं. लाल दिवा विकत मिळतो. तो केव्हां पेटवावा हें सांगणारा मनुष्य विकत मिळत नाहीं, तो घडवावा लागतो.

आमचे कांहीं वाचक म्हणतील, आणि समक्ष भेटींत म्हणालेही आहेत, कीं तुम्ही पेन्शनीवर बसून हत्तीची वकिली करतां. आमची केळ गेली, आमचा ऊस गेला, आम्हांस पाळत नको, हत्तीच नको. हें म्हणणें आम्ही हलकें लेखीत नाहीं. एक हत्ती दिवसास दीडशें किलोच्या आसपास चारा खातो, आणि खातो त्याहून अधिक तुडवतो. पंधरा वर्षें वाढवलेला माड एका रात्रींत मोडला तर त्याची भरपाई कोणत्याही शासननिर्णयांतील दरानें होत नसते. आमचींही कलमें काजूचींच आहेत, आणि त्यांतील सात सन २०१९ मध्यें गेलीं. परंतु हत्तीच नको असें म्हणणाऱ्यानेंही विचार करावा कीं, त्यास नेण्यापूर्वीं तो कोठें आहे व नेमका उपद्रव देणारा कोणता, हें तरी कोणास कळावयास नको काय? चुकीचा हत्ती धरला गेला तर उपद्रवी मागें राहतो, आणि आपण मोहिमेचा खर्च करून मोकळे होतों.

शिवाय दोन कडू गोष्टी आपल्याच माणसांविषयीं बोलणें प्राप्त आहे. आपल्या देशांत हत्तींपायीं दरवर्षीं पांचशें ते सहाशें माणसें मरतात. हत्तींचे जे अनैसर्गिक मृत्यु होतात त्यांत सर्वांत मोठा वाटा विजेच्या धक्क्याचा आहे, आणि त्यांतील पुष्कळ तारा शेताच्या बांधावर थेट खांबावरून आंकडा टाकून सोडलेल्या असतात. अशी तार हत्ती व चोर यांतला भेद ओळखीत नाहीं. बांधावरून जाणारा शेजाऱ्याचा मुलगा व ती टाकणारा स्वतः यांतलाही ओळखीत नाहीं. दुसरी गोष्ट, हत्ती दिसला कीं मोबाइल घेऊन धांवणारी गर्दी. त्या रात्रीं हत्ती आवरणें सोपें असतें, गर्दी आवरणें कठीण. वनरक्षकाच्या शिक्षणांत गर्दीशीं बोलण्याचा एक धडा अवश्य असावा, आणि आमच्या मतें तो सर्वांत कठीण धडा आहे. पंचनाम्यांत एका हत्तीचे तीन करण्याविषयीं आम्ही येथें कांहीं लिहीत नाहीं. ज्यांनीं ते केले त्यांस ठाऊक आहे आणि आम्हांसही ठाऊक आहे. एवढें मात्र खरें कीं, अशा एका खोट्या कागदापायीं दहा खऱ्या अर्जांस उशीर लागतो.

व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. कुंडल व चंद्रपूर येथें वनखात्याच्या मोठ्या प्रबोधिनी आहेत. तेथील शिक्षण चालूं द्यावें. पण हत्तीच्या पट्ट्यांत ज्यांची नेमणूक व्हावयाची, त्या वनरक्षकांस व वनपालांस एक संपूर्ण हंगाम कर्नाटकांत, नागरहोळे किंवा बंडीपूरच्या रानांत, तेथील अनुभवी माणसांबरोबर पायीं फिरवून आणावें. फळ्यावर हत्ती काढून हत्ती कळत नाहीं. परत आल्यावर त्यांची लगोलग बदली करूं नये. वनरक्षकास एका नर हत्तीची चाल पुरी कळते न कळते तों बदलीचा हुकूम येतो, आणि नवा मनुष्य पुन्हां सुतळी बॉम्बापासून आरंभ करतो. आम्हीं खात्यांत असे हुकूम शेंकड्यांनीं टंकलेखित केले आहेत, म्हणून हें अधिकारानें सांगतों.

त्याहून महत्त्वाचें, प्रत्येक गांवांतून दोन तरुण, शक्यतों ज्यांनीं रानांत गुरें चारलीं आहेत असे, कायम पगारावर घ्यावे. हल्लीं हत्ती आला कीं रोजंदारीवर पोरें गोळा करावयाचीं, हातांत बॅटरी द्यावयाची, आणि मजुरी महिनोन् महिने थकवावयाची, असा प्रकार आम्हीं पाहिला आहे. जो मनुष्य रात्रीं दोन वाजतां माजावरच्या हत्तीपासून शंभर पावलांवर उभा राहतो, त्यास विमा नाहीं, पायांत धड बूट नाहीं, आणि त्यास कांहीं झालें तर तो कोणाचा नोकर यावरच वाद! सन २०२३ पासून वन्यप्राण्याच्या हल्ल्यांत मनुष्य दगावल्यास कुटुंबास २५ लाख रुपये देण्याची तरतूद महाराष्ट्रांत आहे. तेवढ्या रकमेंत दोन तरुणांस कित्येक वर्षें नोकरीस ठेवतां येईल, हा हिशेब कोणाही कारकुनास तोंडीं जमेल.

आपल्या संघाच्या येत्या वार्षिक सभेंत ठराव मांडावयाचा झाल्यास तो हत्ती हटवा एवढाच न मांडतां, पाळतीचीं माणसें नेमा, त्यांस शिकवा, व रोजची खबर गांवच्या चावडीवर लावा, असा मांडावा अशी आमची सूचना आहे. आमच्या गांवचीं दोन मुलें या कामास तयार आहेत. त्यांतील एक त्या म्हाताऱ्या गवळ्याचा नातू आहे. म्हातारा गेला, पण पावलाचा घेर मोजण्याची रीत नातवास येते. आम्हीं त्यांच्यासाठीं एक जाड वही आणून रकाने आंखून ठेवले आहेत: तारीख, वेळ, ठिकाण, पावलाचा घेर, लीद ताजी कीं शिळी, वाऱ्याची दिशा, हत्ती ओळखीचा असल्यास त्याची खूण, आणि शेवटला रकाना, कोणकोणत्या घरीं निरोप दिला. मृगाच्या आधीं पहिलें पान भरावयास घेणार आहोंत, मग सरकारचें उत्तर येवो वा न येवो.